घरच्या भिंतीवर स्टेन्सिलने नक्षी, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी (माझ्या चुकांसकट)

विजेच्या खांबावरचा नंबर, मार्केट यार्डातल्या पोत्यांवरची अक्षरं, हे सगळं स्टेन्सिलच. पत्र्यात भोकं पाडायची, भिंतीला किंवा पोत्याला धरायचा, वरून रंगाचा बोळा फिरवायचा, झालं. मीपण हेच समजून हॉलची भिंत करायला घेतली आणि पहिल्याच रविवारी दुपारी चार वाजता आमच्या भिंतीवर जे काही होतं ते बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अगं, कुणी पान खाऊन थुंकलंय का?" रंग गेरूचा होता, त्यामुळे त्यांचंही काही चुकलं नाही.

ती भिंत पुन्हा पांढरी करून मग दुसऱ्यांदा नीट केली. आता येणारे-जाणारे विचारतात की वॉलपेपर कुठून आणला. तर दोन्ही वेळचा हिशोब लिहून ठेवतेय, म्हणजे तुमचा तरी एक रविवार वाचेल. आमची भिंत १० फूट ४ इंच रुंद आहे, स्कर्टिंगच्या वरून छतापर्यंत ८ फूट १० इंच उंच. पुढची सगळी आकडेमोड याच मापाची आहे, तुम्ही तुमचं माप घाला.

सामान काय लागतं

- साचा, म्हणजे स्टेन्सिल. एकाच डिझाइनचे दोन हवेत, का ते पुढे सांगते
- भिंतीचा मागचा रंग, म्हणजे ज्यावर नक्षी काढायची तो, निदान पाव लिटर शिल्लक असलेला. हा नसेल तर कामाला हात लावू नका
- नक्षीचा रंग, प्लास्टिक पेंट म्हणजे इमल्शन. आमच्या अख्ख्या भिंतीला अर्धा लिटरसुद्धा लागला नाही
- गोल, बसक्या केसांचा स्टेन्सिल ब्रश किंवा चार इंची बारीक फोमचा रोलर. मी दोन्ही वापरले
- मास्किंग टेप, चांगल्यातला. ब्राऊन पॅकिंग टेप अजिबात नको
- रद्दी पेपर, भरपूर
- पेन्सिल, मेजर टेप, दोरा आणि एक जड नट (ओळंब्यासाठी)
- १८० नंबरचा पॉलिश पेपर, जुनं सुती फडकं, इअरबड्स, एक बारीक चित्रकलेचा ब्रश
- लाकडी स्टूल किंवा शिडी. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढायचं नाही, एका हातात साचा आणि एका हातात ब्रश असतो, सावरायला तिसरा हात नसतो

१. भिंतीला आधी हात लावून बघा

कोरडा तळहात भिंतीवरून जोरात फिरवा. हाताला पांढरी पावडर आली तर ते डिस्टेंपर आहे, तेही खडू झालेलं, त्यावर मास्किंग टेप लावाल तर काढताना टेपबरोबर रंगाचे पापुद्रे येतील. अशी भिंत घासून, प्रायमर मारून, इमल्शनचे दोन हात देऊनच पुढे जा. शंका असेल तर सोफ्यामागे कुठेतरी वीतभर टेप चिकटवा, तासाभराने ओढून काढा, काय ते कळेल.

हाताला गुळगुळीत काचेसारखं लागलं तर जुना ऑइलपेंट. त्यावर नुसतं इमल्शन धरत नाही, नखाने सोलून निघतं. पॉलिश पेपर मारून चमक घालवायची, मग प्रायमर. इथे एक सांगायलाच हवं, जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या भिंतीची खात्री देता येत नाही. म्हणून कोरडं घासू नका, फडक्याने ओलं करून घासा, तोंडाला मास्क लावा आणि लहान मुलांना त्या दिवशी आजीकडे पाठवा.

आणि ओल. बाथरूमच्या पाठीला पाठ लावून असलेली भिंत, किंवा पावसाचा मारा बसणारी बाहेरची भिंत, तिला पोपडे आले असतील, पांढरे क्षार फुलले असतील, तर नक्षी विसरा. आधी गळती बघा. वरून कितीही सुंदर वेल काढलीत तरी पुढच्या पावसाळ्यात ती वेल पोपड्यासकट तुमच्या हातात येणार. आमच्याकडे डोंबिवलीत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की मी हे काम त्या दिवसांत करूच नका म्हणेन, दिवाळीनंतर थंडी पडली की करा.

भाड्याचं घर असेल तर मालकांना व्हॉट्सॲपवर विचारून उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "हो हो करा की" डिपॉझिट परत घ्यायच्या वेळी कुणाला आठवत नाही.

२. मागचा रंग, आणि नक्षीचा रंग

मागचा रंग मॅट किंवा हलक्या चमकेचा घ्या. जास्त चमक असली की साचा सरकतो आणि रंग त्याच्याखाली पटकन पळतो. मागचा हात मारून झाला की कमीत कमी एक पूर्ण दिवस थांबा, मी दोन दिवस थांबले. हाताला कोरडं लागतं ते तासाभरातच, पण टेप ओढला की कळतं खरं कोरडं काय असतं.

नक्षीसाठी ऑइलपेंट घेऊ नका. दुकानदार म्हणेल, "ताई, घ्या, पक्का बसतो." मी ऐकलं आणि घेतला, माझी पहिली मोठी चूक तीच. तो वाळायला तासन् तास घेतो, तोवर शेजारचा छाप मारता येत नाही, आणि साचा धुवायला दर वेळी टर्पेंटाइन. इमल्शन अर्ध्या तासात हाताला लागत नाही आणि साचा पाण्याने धुता येतो.

दुसरा सापळा स्टेनरचा, म्हणजे रंगात मिसळून शेड बनवायच्या गडद रंगाचा. पांढऱ्या रंगाचा डबा आणि स्टेनरची छोटी बाटली आणून घरीच शेड बनवू, हा मोह सगळ्यांना होतो. फिक्या शेडसाठी ठीक आहे. पण २०० मिली रंगात साधारण १० मिलीच्या वर स्टेनर घालू नये, त्याहून जास्त घातला की रंग नीट वाळत नाही आणि फडकं मारलं की फडक्याला येतो. म्हणजे पांढऱ्यात रेड ऑक्साइडचा स्टेनर घालून गेरूचा रंग येत नाही, येतो तो गुलाबी. कितीही ओता, आधी गुलाबी, मग अजून गुलाबी, मग न वाळणारा गुलाबी. गडद रंग हवा असेल तर शेड कार्डवरून नंबर सांगून मशीनवरच करून घ्या.

३. साचा: विकत की घरचा?

विकतचे भिंतीचे स्टेन्सिल ऑनलाइन मिळतात, पहिल्यांदा करत असाल तर तेच घ्या. रांगोळीचे प्लास्टिकचे साचे घरात असतात म्हणून ते वापरायला जाऊ नका. ते जाड असतात, भोकाच्या कडेला रंगाचा बांध साठतो. रांगोळीची पूड पडून जाते, रंग थांबतो.

मला मात्र डिझाइन माझंच हवं होतं. गोव्यात आणि कोकणात काही जुन्या देवळांच्या भिंतींवर लाल-पांढरी कावी असते, बघितली असेल. ती खरं तर रंगवलेली नसते, चुन्याच्या गिलाव्यावर लाल थर देतात आणि तो ओला असतानाच कोरून खालचा पांढरा उघडा करतात. माझं काम त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, मी फक्त दोन रंग आणि वेलीचं वळण उसनं घेतलं.

साचा मी जुन्या एक्सरेच्या फिल्मवर कापला. पेंटर लोक कधीपासून हेच वापरतात. फिल्म लवचिक असते, फाटत नाही, मोठ्या आकाराची मिळते, १४ बाय १७ इंच. फिल्मच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव असतं तेवढा तुकडा आधी कापून टाका. (आमच्या भिंतीवरची वेल म्हणजे सासऱ्यांची छाती आहे, हे पाहुण्यांना सांगत नाही.) एक्सरे नसेल तर स्टेशनरीच्या दुकानातली ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद, चालते, जरा पातळ असते एवढंच.

कापताना:
डिझाइन कागदावर प्रिंट करा, फिल्मवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन्ही एकदम कापा. खाली काच किंवा कटिंग मॅट. आधी बारीक भोकं, मग मोठी, उलट केलंत तर फिल्म आधीच ढिली होते आणि बारीक काम थरथरतं. वळणावर सुरी फिरवू नका, फिल्म फिरवा. पातं बोथट वाटलं की लगेच बदला. आणि दोन भोकांच्या मधे जी पट्टी राहते, मी तिला पूल म्हणते, ती पाव इंचाच्या खाली नको. माझ्या पहिल्या साच्यात देठाजवळचे पूल काडीएवढे होते, दहाव्या छापाला दोन तुटले.

चारी बाजूंना निदान एक इंच मोकळी कड ठेवा. म्हणजे १४ बाय १७ च्या फिल्मवर प्रत्यक्ष नक्षी १२ बाय १५. कडेला चार छोटे त्रिकोण कापून ठेवा, पुढचा छाप आधीच्या छापाला जुळवायला ते खुणेसारखे वापरायचे.

४. पुठ्ठ्यावर तालीम

टीव्हीचा किंवा फ्रिजचा खोका उघडा, त्याला भिंतीचाच रंग मारा आणि त्यावर दहा छाप काढा. दहा म्हणजे दहा. पहिले तीन वाईट येतात, चौथा बरा येतो आणि माणूस उठून भिंतीकडे जातो, तसं करू नका. पुठ्ठाही उभा भिंतीला टेकवून करा, जमिनीवर आडवा ठेवून केलेली तालीम भिंतीवर उपयोगाची नाही, रंग ओघळतो तो उभ्यावरच.

५. आखणी: सगळ्यात कंटाळवाणं, म्हणून सगळे इथेच चुकतात

कोपऱ्यातून सुरुवात करायची नाही. आमची भिंत १२४ इंच, नक्षी १२ इंच. भिंतीचा मध्य काढला. आता दोन पर्याय असतात. मध्यरेषेवर एक छाप बरोबर मधोमध ठेवला तर दोन्हीकडे ५६ इंच उरतात, म्हणजे चार पूर्ण छाप आणि ८ इंचाचा अर्धवट तुकडा, दोन्ही टोकांना कापाकापी. त्याऐवजी मध्यरेषा दोन छापांच्या सांध्यावर घेतली तर प्रत्येक बाजूला पाच पूर्ण छाप आणि २ इंच मोकळे. मी दुसरं केलं, दोन इंचाची पट्टी कडेला तशीच सोडून दिली, चौकटीसारखी छान दिसते. तुमच्या मापाला दोन्ही करून बघा, कागदावर पाच मिनिटं लागतात.

उंचीत मी आपटले होते. १०६ इंच उंची, १५ इंचाची नक्षी, सात ओळी म्हणजे १०५, एक इंच शिल्लक, वा! पहिल्या वेळी अगदी खूश होऊन छताखाली एक इंच सोडून सुरुवात केली. दहा फूट पलीकडे पोचले तेव्हा ती फट पाव इंच झाली होती. छतच सरळ नव्हतं! एका टोकाला पाऊण इंच खाली आलेलं. बिल्डिंगमध्ये कुणाचंच छत सरळ नसतं, एरवी दिसत नाही, पण सरळ ओळींची नक्षी त्याच्या शेजारी नेऊन ठेवली की लगेच चुगली करते.

दुसऱ्या वेळी सातच्या ऐवजी सहा ओळी घेतल्या. सहा ओळी ९० इंच, उरले १६, वर आठ आणि खाली आठ इंच कोरी भिंत. आठ इंचाच्या पट्टीत पाऊण इंचाचा फरक कुणाच्या बापाला कळत नाही. जागा पुरते म्हणून भरत सुटू नका.

उभी रेष काढायला दोऱ्याला नट बांधा, वर खिळ्याला किंवा टेपला लटकवा, हलायचा थांबला की त्याच्या मागे पेन्सिलने ठिपके. आडव्या रेषेसाठी गवंडी वापरतात तो पाणी भरलेला पारदर्शक पाईप सगळ्यात खात्रीचा, दोन टोकांचं पाणी एका पातळीत असतं, मधे फर्निचर असो नाहीतर काहीही असो. पाईपमधे बुडबुडा राहू देऊ नका एवढंच. फोनमधली लेव्हल छोट्या अंतराला ठीक, दहा फुटाला नको. खुणा अगदी हलक्या पेन्सिलच्या. स्केचपेन, बॉलपेन नको, रंगातून वर येतात. लाईनदोरीला गेरू किंवा नीळ लावून फटका मारायची पद्धतही पांढऱ्या भिंतीवर नको, ती रेष मग निघता निघत नाही.

६. आता रंग. कमी. अजून कमी.

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे विसरू नका. स्टेन्सिलचं काम बिघडतं ते रंग जास्त झाल्यामुळे. आपल्याला सवय भिंत रंगवायची, ब्रश बुडवून निथळून भिंतीवर ओढायचा. इथे ब्रश जवळजवळ कोरडा लागतो.

मी करते ते असं. जुन्या स्टीलच्या ताटलीत चमचाभर रंग. पाणी घालायचं नाही, एक थेंबसुद्धा नाही, पेंटर भिंतीसाठी घालतात म्हणून आपणही घालायला जातो आणि तिथेच रंग साच्याखाली शिरतो. ब्रशचं फक्त टोक रंगाला टेकवायचं. मग तो ब्रश रद्दी पेपरवर गोल गोल घासायचा, जोर लावून, पेपरवर उमटणारा डाग फिका, खरखरीत, अक्षरं दिसतील इतका पातळ होईपर्यंत. तुम्हाला वाटेल, आता यात काही उरलंच नाही. तेव्हाच तो तयार झालेला असतो. साच्यावर ब्रश सरळ उभा धरून टिपत जायचं, टप टप टप, कडेकडून मधे. ओढायचं नाही, ओढला की केस साच्याच्या कडेखाली घुसतात. पहिला हात अगदी विरळ दिसेल, दिसू दे. दोन मिनिटं थांबून त्यावरच दुसरा हात, त्याने भरतं.

रोलरने काम पटापट होतं, पण तोही पेपरवर दोन-तीनदा फिरवून मगच भिंतीला, आणि दाब जवळजवळ शून्य. दाबलात की फोममधला सगळा रंग पिळून बाहेर.

पंखा बंद ठेवा. मला घामाने अंघोळ झाली तरी बंद ठेवला, कारण पंख्याखाली ब्रशवरचाच रंग वाळून गुठळ्या होतात, शिवाय साच्याची कड फडफडते.

छाप शेजारी शेजारी मारू नका. आधी १, ३, ५, ७, ९, मग परत येऊन २, ४, ६, ८, १०. तोवर आधीचे वाळलेले असतात आणि साचा ओल्या रंगावर टेकत नाही. साचा उचलताना खालची कड धरून दार उघडल्यासारखा सरळ पुढे ओढा, भिंतीवरून सरकवायचा नाही. आणि प्रत्येक वेळी, प्रत्येक म्हणजे प्रत्येक वेळी, साचा उलटा करून पाठ बघा. पाठीला ठिपकाभर रंग असला तरी पुसा, नाहीतर तोच ठिपका पुढच्या दहा छापांना लागत जातो.

पाच-सहा छाप झाले की साचा धुवा. कडेला रंग साठत गेला की भोकं हळूहळू लहान होतात, आणि शेवटचं पान पहिल्या पानापेक्षा बारीक येतं. इथेच दुसरा साचा कामी येतो, एक वाळतोय तोवर दुसरा भिंतीवर.

वेळेचा अंदाज देते. एक छाप मला सात ते आठ मिनिटं, साठ छाप, म्हणजे आठ तासांच्या आत-बाहेर, त्यात चहा, फोन आणि कुकरच्या शिट्ट्या धरलेल्या नाहीत. दोन दिवसांत वाटून करा, पण ओळ अर्धी सोडून झोपायला जाऊ नका.

७. स्विचबोर्ड आणि कोपरे

स्विचबोर्डजवळ काम करताना मेन बंद करा, बोर्डाला टेप लावून झाका. बोर्ड काढायची गरज नाही, साचा त्याच्या कडेशी वाकवून जेवढा टेकेल तेवढा छाप मारा, उरलेलं हाताने बारीक ब्रशने. भिंतीचा तुकडा कोपऱ्यात संपत असेल तर साचा कोपऱ्यात दुमडायचा प्रयत्न करू नका, एक्सरे फिल्म दुमडली की तिथे कायमची वर राहते. सगळे पूर्ण छाप संपले की मग दोनपैकी जो जुना झालेला साचा आहे तो कात्रीने कापा आणि तुकडा वापरा. दोन साचे करा म्हटलं ते यासाठीही.

८. फुटलं तर

रंग बाहेर फुटल्याचं साचा उचलल्या उचलल्या दिसलं तर ओला इअरबड, एकदाच, आतल्या दिशेने. घासत बसलात की डाग दुप्पट होतो. वाळल्यावर दिसलं तर हात लावू नका, पूर्ण काम झाल्यावर एकदम मागच्या रंगाने, बारीक ब्रशने कड दुरुस्त करा. सुरुवातीला जो पाव लिटर रंग जपायला सांगितला तो याचसाठी. तोच नंबर, तोच ब्रँड असला तरी नवीन डब्यातला रंग जुन्या भिंतीवर किंचित वेगळा दिसतो, आणि वेगळेपणा पांढऱ्यातच जास्त दिसतो.

दुरुस्ती जवळून बघून करू नका. सहा फूट मागे जा, तिथून जे खटकेल त्याला टेपचा छोटा तुकडा लावा, तेवढंच दुरुस्त करा. मी नाक भिंतीला लावून मोजले तर सत्तरेक ठिकाणं निघाली, सोफ्यावर बसून मोजली तर नऊ.

इमल्शनवर वेगळं वार्निश वगैरे काही लागत नाही. महिनाभर ओलं फडकं मारू नका, मग हलक्या हाताने चालतं. पेन्सिलच्या खुणा दोन दिवसांनी स्वच्छ खोडरबराने काढा, नक्षीवर खोडरबर नेऊ नका.

उरलेला दोन्ही रंग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून वर शेडचा नंबर आणि तारीख लिहून ठेवा, झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा लावा म्हणजे झाकण चिकटणार नाही. आणि बरणी किचनमधे ठेवू नका, आमच्याकडे गेरूची बरणी दोन दिवस लोणच्याच्या शेजारी होती.